कालबाह्य प्रणाली आणि भाषेचे दप्तर

यंत्र जुने झाले म्हणून टाकावे, की चालते आहे तोवर चालवावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती काटकसरीचा वाटतो. संगणकाच्या बाबतीत मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविल्या. त्यापूर्वी ‘विंडोज एक्सपी’ची पाळी ८ एप्रिल २०१४ रोजी आणि ‘विंडोज ७’ची १४ जानेवारी २०२० रोजी येऊन गेली होती. प्रत्येक वेळी तोच वाद नव्याने झाला. एका पक्षाने सुरक्षिततेचा इशारा दिला, दुसऱ्याने खर्चाचा हिशेब मांडला. भारतीय भाषांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने या वादात एक तिसरा पक्ष आहे आणि त्याची बाजू सहसा कोणी मांडीत नाही. तो पक्ष म्हणजे त्या जुन्या यंत्रात अडकून पडलेली संहिता.

साहित्यसंस्था, छोटी प्रकाशनगृहे, कोशकार्यालये, विद्यापीठांतील भाषाविभाग अशा ठिकाणी कोपऱ्यातल्या टेबलावर एखादा जुनाट संगणक अजूनही जपलेला आढळतो. त्यावर ‘विंडोज ९८’ किंवा ‘एक्सपी’ चालत असते आणि तिच्या आश्रयाने पेजमेकरची एखादी जुनी आवृत्ती. हे यंत्र हलवू नये, बदलू नये, असा तेथील जाणत्या माणसांचा आग्रह असतो. या आग्रहाला आळस किंवा नव्याची भीती म्हणून हिणविणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे होईल. त्या माणसांना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक असते: या यंत्रात असलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला की तो मजकूर राहत नाही. पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गलबला तेवढा उमटतो. त्यांचे प्रेम प्रणालीवर नसते. प्रणालीवाचून जे वाचता येणार नाही त्यावर असते.

ही परिस्थिती कशी ओढवली हे पाहणे उद्बोधक आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचा मूळ विचार शास्त्रशुद्धच होता. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जिस्ट’ हे तंत्र १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने पुढे नेले. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या क्रमांकाने ‘इस्की’ ही संकेतावली प्रमाणित केली. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना उच्चारानुसारी असा एकच सांगाडा देणारी ती योजना होती. अक्षर कसे दिसते यापेक्षा ते कोणते आहे याची नोंद तिच्यात होत असे. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील भारतीय लिप्यांची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली होती.

छपाईचा व्यवहार मात्र निराळ्या वाटेने गेला. पेजमेकरला युनिकोडची ओळख कधीच झाली नाही. २००१ साली निघालेली ७.० ही तिची अखेरची मोठी आवृत्तीही त्याला अपवाद नव्हती. तेव्हा फाँट बनविणाऱ्यांनी एक युक्ती काढली. रोमन अक्षरे, विरामचिन्हे आणि उरलेसुरले संकेत यांच्या घरांत त्यांनी देवनागरीचे तुकडे बसविले: कुठे अर्धा ‘त’, कुठे काना, कुठे वेलांटी, कुठे रफार. खिळाछपाईच्या काळी जुळारी केसच्या घरांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. तीच रीत संगणकाने उचलली, इतकेच की आता केस रोमनची आणि खिळे देवनागरीचे झाले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, हिंदीतील कृतिदेव अशा नावांनी हे फाँट प्रसिद्ध आहेत. मराठी आणि हिंदी मुद्रणाचे फार मोठे काम त्यांनी केले, याबद्दल कृतज्ञताच बाळगली पाहिजे. परंतु प्रत्येक फाँटची घरे वेगळी होती. एका फाँटमध्ये जेथे ‘क’ तेथे दुसऱ्यात कदाचित ‘ट’. त्यामुळे त्या काळच्या फायलीत भाषा साठविलेली नाही, खिळ्यांचा क्रम साठविलेला आहे. तो क्रम कोणत्या केसमधला हे सांगणारा फाँट, तो फाँट चालविणारा कार्यक्रम, त्या कार्यक्रमाला लागणारे डोंगल आणि डोंगल ओळखणारी प्रणाली, अशी ही उतरंड आहे. तळाचे मडके काढले की वरची सगळी कोसळतात.

पीडीएफ करून ठेवली म्हणजे भागले, असे काहींना वाटते. पान दिसण्यापुरते ते खरे आहे. पण अशा पीडीएफमधून एखादा शब्द शोधू गेले तर तो सापडत नाही आणि उतारा उचलून दुसरीकडे ठेवला तर पुन्हा तोच गलबला हाती येतो. कोशकाराला, सूचिकाराला, शैलीचा किंवा शब्दवापराचा अभ्यास करणाऱ्याला अशी पीडीएफ म्हणजे कुलूपबंद कपाटाचे छायाचित्र होय.

तर मग जुनी प्रणालीच चालू ठेवावी काय? या पक्षाच्या समर्थनार्थ एक उदाहरण हटकून दिले जाते. जॉर्ज आर. आर. मार्टिन या लोकप्रिय अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले, की आपण आजही डॉस प्रणालीच्या संगणकावर वर्डस्टार ४.० मध्येच लिहितो. एवढ्या मोठ्या लेखकाचे चालते, मग इतरांचे का चालू नये, असा यातील युक्तिवाद. परंतु त्यात दोन गोष्टी निसटतात. मार्टिन यांचे ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नाही; आणि ते इंग्रजीत लिहितात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे संगणकाच्या संकेतावलीत आरंभापासूनच स्वतःच्या घरात राहत आली आहेत. चाळीस वर्षांपूर्वीची वर्डस्टारची फाइलही थोड्या खटपटीने आज वाचता येते. देवनागरीला ते भाग्य लाभले नाही. ती भाड्याच्या घरात राहिली. म्हणून इंग्रजी लेखकाला जुन्या प्रणालीचा मोह परवडतो, मराठी संपादकाला तो परवडत नाही.

धोक्याची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. प्रणालीचा पाठिंबा संपला म्हणजे यंत्र दुसऱ्या दिवशी बंद पडते असे नाही. किंबहुना ते पूर्वीसारखेच चालते आणि फसगत होते ती तेथेच. नव्या आवृत्तीतील एखादी फट बुजविली गेली की तीच फट जुन्या आवृत्तीतही असावी, असा अंदाज हल्लेखोराला बांधता येतो. आणि जुनीतील फट बुजविणारा आता कोणी नसतो. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘वॉनाक्राय’च्या प्रादुर्भावाने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांच्या फायली ओलीस धरल्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील किमान एक-तृतीयांश ट्रस्टांचे कामकाज त्या वेळी विस्कळीत झाले. येथे एक तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे एक्सपीची नव्हती; ती तेव्हा पाठिंबा चालू असलेल्या विंडोज ७ ची होती. त्या फटीवरची दुरुस्ती दोन महिने आधी, १४ मार्चला उपलब्ध झाली होती. ती बसविली गेली नव्हती. म्हणजे दोष केवळ वयाचा नसतो, दुरुस्तीवाचून राहण्याचा असतो. पाठिंबा संपलेल्या प्रणालीच्या नशिबी मात्र हे राहणे कायमचेच येते. शिवाय वॉनाक्राय एका यंत्रावरून त्याच जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावर आपसूक पसरत असे. विद्यापीठाच्या जाळ्याला जोडलेला एक दुबळा संगणक हा त्यामुळे एका विभागाच्या आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही. ग्रंथालयाची सूची, परीक्षाविभागाच्या नोंदी, शेजारच्या विभागाचे संशोधन या सर्वांची सुरक्षितता त्या एका यंत्राच्या दुबळेपणाशी बांधली जाते.

धोक्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी जुन्या प्रणालीवर आज लेखन करण्यास भाषेच्याच बाजूने एक आक्षेप आहे आणि तो भारतीय भाषांच्या अभ्यासकाने विशेष गांभीर्याने घ्यावयास हवा. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची वर्णमाला एका दिवसात पूर्ण झाली नाही. बंगालीतील खंड-त २००५ साली ४.१ या आवृत्तीत आला. देवनागरीतून सिंधी लिहिण्यासाठी लागणारी खास अक्षरे २००६ साली ५.० मध्ये आली. मराठीतील ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ मध्ये. मलयाळममधील चिल्लू अक्षरे आणि संताळीची ओल चिकी लिपी याच आवृत्तीतून प्रविष्ट झाली. रुपयाचे चिन्ह २०१० साली आले. एक्सपी ही प्रणाली २००१ सालची. तिच्या मूळ फाँटला ही अक्षरे ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्यांच्या जागी ती रिकामी चौकट दाखविते. मग टंकलेखक काय करतो? तो ‘अ’वर चंद्र चढवून वेळ मारून नेतो. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; परंतु संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होतात आणि शोध घेणाऱ्याला त्यांपैकी एक सापडत नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीत २००३ साली समाविष्ट झालेल्या संताळीची लिपीच ज्या प्रणालीला माहीत नाही, त्या प्रणालीवर भारतीय साहित्याचे काम पुढे चालू ठेवणे म्हणजे वर्णमालेचा काही भाग स्वखुशीने गमावणे होय.

येथवरच्या विवेचनातून दोन परस्परविरोधी निष्कर्ष निघतात असे वाटेल. जुनी प्रणाली टाकावी तर संहिता जाते. ठेवावी तर सुरक्षितता जाते आणि भाषाही थिटी पडते. वस्तुतः हा विरोध प्रश्नाच्या चुकीच्या मांडणीतून उपजला आहे. ‘वापरावी की न वापरावी’ असे विचारताना वाचन आणि लेखन या दोन क्रिया एकाच शब्दाखाली झाकल्या जातात. त्या वेगळ्या केल्या की उत्तर स्वच्छ दिसते. जुनी प्रणाली वाचनासाठी राखावी. लेखनासाठी ती तत्काळ बंद करावी.

मोडी लिपीचे उदाहरण या संदर्भात सहज आठवते. विसाव्या शतकात मोडी प्रथम राजव्यवहारातून आणि नंतर शाळांतून गेली. आज सरकारी पत्रव्यवहार पुन्हा मोडीत व्हावा असे कोणी म्हणत नाही. आणि मोडी व्यवहारातून गेली म्हणून पुण्यातील पेशवे दप्तर रद्दीत घालावे असेही कोणी म्हणत नाही. मोडी वाचणारी माणसे तयार करावीत आणि कागदांचे बालबोधीत लिप्यंतर होत राहावे, एवढीच मागणी आहे. जुन्या फाँटमधील मजकुराचे स्थान याहून निराळे नाही. फरक एकच आणि तो चिंता वाढविणारा आहे. मोडीचा कागद मुका असला तरी टिकाऊ आहे. उद्याच्या एखाद्या चिकाटीच्या विद्यार्थ्याला तो डोळ्यांनी वाचता येईल. चुंबकीय तबकडीवरील मजकूर कोणत्याही डोळ्याला वाचता येत नाही. तेथे वाचक म्हणजे ते यंत्रच आहे आणि ते यंत्र मर्त्य आहे. त्याची तबकडी झिजते, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, त्याच्या पाठीमागचे ज्या खोबणीत डोंगल बसायचे ते पॅरलल पोर्ट आता नव्या संगणकांना नसते.

तथापि यंत्राच्या मृत्यूबरोबर प्रणालीचाही अंत झालाच पाहिजे असे नाही. सलमान रश्दी यांची कागदपत्रे अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने २००६ साली मिळविली तेव्हा हस्तलिखितांबरोबर त्यांचे जुने ॲपल संगणकही आले. त्यांतील ‘मॅकिंटॉश परफॉर्मा ५४००’ या यंत्राची प्रतिकृती तेथील ग्रंथपालांनी नव्या संगणकाच्या आत उभी केली आणि २०१० साली ती अभ्यासकांना खुली झाली. लेखकाने ज्या प्रणालीवर मसुदे लिहिले तीच प्रणाली, त्याच मांडणीसह, अभ्यासकाला पाहता येऊ लागली. जुन्या प्रणालीला काम न देता निवास द्यावा, असे या योजनेचे वर्णन करता येईल. एक्सपीसारखी प्रणाली नव्या संगणकाच्या पोटात, इंटरनेटपासून तोडून, अशीच ‘आभासी यंत्र’ म्हणून चालविता येते. भारतीय भाषांतील लेखकांच्या पहिल्या संगणकीय पिढीचे मसुदे, पत्रव्यवहार, नियतकालिकांच्या मूळ प्रती यांच्यासाठी अशी व्यवस्था करणे हे भाषाविभागांचे आणि ग्रंथालयांचे काम आहे. जेथे डोंगलमुळे आभासी यंत्र चालत नाही तेथे मूळ यंत्र जपावे. पण त्याची तार जाळ्याला जोडू नये. तार काढली म्हणजे यंत्र निर्धोक झाले असेही समजू नये. २००८ साली उद्भवलेला ‘कॉन्फिकर’ पेनड्राइव्हवरूनही पसरत होता. जुन्या यंत्रातून मजकूर बाहेर यावा, बाहेरचे काही आत जाऊ नये, अशी एकमार्गी शिस्त हवी.

परंतु राखणे हा अर्धाच उपाय झाला. राखलेले यंत्र हे ध्येय नव्हे. ते उतारणीचा घाट आहे. मजकूर युनिकोडमध्ये उतरला पाहिजे आणि ते काम यंत्रावर सोपवून मोकळे होण्यासारखे नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी नोंदलेली असते, तर रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चारानुसारी असतो. परिवर्तक कार्यक्रम ही उलटापालट बऱ्याच अंशी करतो. पण हिंदीच्या गरजा पाहून केलेल्या परिवर्तकाला मराठीतील ‘ऱ्य’ची जाण नसेल तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगराच्या कुशीत समुद्र अवतरतो. ‘आचाऱ्यांना’ बोलाविले असता ‘आचार्यांना’ निमंत्रण जाते. चूक शुद्ध मराठी शब्दाच्या रूपानेच येते. त्यामुळे शब्दतपासणीचा कार्यक्रमही तिला पकडीत नाही. ती पकडण्यास भाषा जाणणारा माणूसच लागतो.

या प्रकारच्या चुका साहित्याच्या अभ्यासकाला नव्या नाहीत. पोथीची नकल करणारा लेखकु अशाच चुका करीत असे आणि त्यांचा निरास करण्यासाठीच पाठचिकित्सेचे शास्त्र उभे राहिले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या पानापानाला पोथ्या ताडून पाहण्याचे कष्ट आहेत. एका संकेतावलीतून दुसरीत उतरविलेली फाइल हीसुद्धा एक नवी पोथीच आहे. ती छापील प्रतीशी ताडून पाहिली पाहिजे आणि कोणत्या फाँटवरून, कोणत्या परिवर्तकाने, कोणी व केव्हा उतरविली याची नोंद पुष्पिकेसारखी तिच्याबरोबर राहिली पाहिजे. छापील प्रत चांगली असेल तर तिचे यांत्रिक अक्षरवाचन करून, म्हणजे ओसीआरने, संहिता मिळविणे क्वचित अधिक सोपे पडेल. परंतु न छापलेल्या मजकुराला, कोशाच्या कच्च्या नोंदींना, लेखकाच्या टाकून दिलेल्या मसुद्यांना तो मार्ग उपलब्ध नाही. नेमका हाच मजकूर अभ्यासाच्या दृष्टीने अनमोल असतो. ज्या विभागांत पाठसंपादन शिकविले जाते तेथे हे काम तांत्रिक कर्मचाऱ्यांकडे ढकलून देणे म्हणजे स्वतःच्या विद्येचा अधिकार सोडणे होय.

याविरुद्ध घेतले जाणारे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. तीस वर्षे एकाच कळफलकावर बोटे चालविलेल्या टंकलेखकाने आता नव्याने शिकावे काय, असे विचारले जाते. युनिकोडसाठी इनस्क्रिप्टच वापरावा लागतो ही समजूत मात्र खरी नाही. जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन धाटणीचा कळफलकही युनिकोडसाठी उपलब्ध आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ ने टीपीएम २.० सारख्या अटी घातल्या आणि उत्तम चालणारी अनेक यंत्रे एका रात्रीत अपात्र ठरविली. यात व्यापाराचा भाग आहे आणि त्याविषयीचा संताप रास्त आहे. पण यंत्र आणि प्रणाली या दोन भिन्न वस्तू आहेत. नव्या विंडोजला नको असलेल्या यंत्रावर लिनक्सची चालू आवृत्ती विनामूल्य बसविता येते आणि तिच्यावर देवनागरीसह भारतीय लिप्यांतले लेखन व्यवस्थित होते. सी-डॅकने ‘बॉस’ ही प्रणाली याच पायावर उभारली. केरळच्या शाळांनीही मुक्त प्रणालींचा स्वीकार केला. यंत्र जुने असणे हे दारिद्र्य असेल, दोष नव्हे. दुरुस्तीवाचूनची प्रणाली जाळ्याला जोडून ठेवणे हा मात्र दोषच होय.

तात्पर्य, ज्या संस्थेकडे असे जुने यंत्र आहे तिने त्याविषयी लाज बाळगण्याचे कारण नाही आणि अभिमान बाळगण्याचेही नाही. त्यात काय आहे याची यादी तिने करावी: कोणती फाइल, कोणता फाँट, कोणत्या कार्यक्रमाची कोणती आवृत्ती. फाँटच्या प्रती आणि डोंगल फायलींइतक्याच काळजीने जपावेत. त्या यंत्रावरचे नवे लेखन एका ठरलेल्या दिवशी थांबवावे. उतारणीच्या कामाला अंदाजपत्रकात रक्कम आणि अभ्यासक्रमात स्थान द्यावे आणि काम पुरे होण्याची मुदत लिहून ठेवावी. मुदत नसलेली जपणूक म्हणजे पुढे ढकललेला नाश होय. जो जाणता माणूस आज ते यंत्र सुरू करू शकतो तो उद्या निवृत्त होईल. कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटते हे ज्ञान त्याच्या बोटांत आहे, कागदावर नाही. खरी कालमर्यादा कंपनीने जाहीर केलेल्या तारखेची नसून त्या बोटांची आहे; आणि ती कोणत्याही परिपत्रकात आगाऊ छापून येत नाही.